बारा शेळ्यांची कॉफी

शेख घालेबला त्या दिवशी काय काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी भाबडेपणाने विचारायला नको. एक, त्याचा पुतण्या लाफी पोलीस ठाण्याच्या कागदावरून सुटणार होता. दोन, लाफीने पाण्याच्या टँकरखाली घातलेल्या बारा शेळ्यांच्या बदल्यात शेखला एक शेपूटसुद्धा द्यावं लागणार नव्हतं. तिसरीही एक गोष्ट त्याच्या मनात होती, पण ती मागण्याइतका निर्लज्ज तो अजून झाला नव्हता. ती त्याला आपोआप मिळाली. आणि एवढं सगळं पदरात पडल्यावर दिलदार म्हणून नाव त्याचंच होणार होतं. खर्चाच्या बाजूला काय, तर एक धुतलेला, इस्त्री केलेला अंगरखा.

मिळकत मिफ्लेहचीही होती, नाही असं नाही. शेळ्या गेल्या त्या त्याच्या बायकोच्या, तर्फाच्या. पण दारात मान्यवरांची रांग येणार होती ती मिफ्लेहच्या. आमच्या गावात ज्याच्याकडे शिष्टाई येते तो माणूस मोठा. मिफ्लेहच्या दारात तोवर वीजबिलवाला आणि मी, एवढेच येत होतो.

माझं कॉफीचं दुकान करक शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेळ्या गेल्या त्याच वळणावर आहे. टँकर आला तो मी डोळ्यांनी पाहिला. लाफीच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात सिगरेट, आणि टँकर कशाने चालवत होता ते त्यालाच ठाऊक. शेळ्या उतारावरून रस्ता ओलांडत होत्या. रोज त्याच वेळी ओलांडतात, गावातलं कुत्रंसुद्धा त्या वेळी थांबतं.

खाली उतरल्यावर लाफीने आधी टँकरचा दिवा पाहिला. मग शेळ्यांकडे पाहिलं. तर्फा धावत येऊन पोहोचली तेव्हा तो म्हणाला, "काकू, तुमच्या शेळ्यांना ब्रेकचा आवाज कळत नाही का?"

"वाजला असता तर कळला असता," तर्फा म्हणाली.

तिने एकेक शेळी ओढून रस्त्याच्या कडेला लावली. प्रत्येकीच्या डाव्या कानाच्या टोकाला तिची खाच होती, तिने स्वतः कातरीने घातलेली. लग्नात मिळालेल्या सोन्याच्या बांगड्या मोडून तिने पहिल्या चार शेळ्या घेतल्या होत्या, हे गावात सगळ्यांना माहीत. त्या चारांच्या तीस झाल्या त्या तिच्या पायांवर. तिचं दूध, तिचं चीज, मुलांची फी, मिफ्लेहची सिगरेट, सगळं त्या तिसांतून निघे.

ठाण्यात ती स्वतः गेली. हवालदाराने विचारलं, "शेळ्या कोणाच्या?" ती म्हणाली, "माझ्या." हवालदाराने लिहिलं, मालक मिफ्लेह. तिने बोट ठेवून सांगितलं की हे चूक आहे, तर तो म्हणाला, "बाई, एकच घर ना?" आता एकच घर असेल तर तिचं नाव लिहायला त्याच्या पेनातली शाई कमी पडत होती का, हे मी त्याला विचारायला हवं होतं. असे प्रश्न मला नेहमी दुकान बंद केल्यावर सुचतात.

पुढे काय होणार ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. शेख मंडळी घेऊन येणार, कॉफी समोर येणार, शेख ती पिणार नाही.

ही आमची जुनी रीत आहे आणि चांगली रीत होती. मागणं घेऊन आलेला माणूस पहिला पेला ओठाला लावत नाही, समोर जमिनीवर ठेवतो. यजमान म्हणेपर्यंत, की पी बाबा, तुझं काम झालं. घरात आलेल्याची कॉफी थंड होणं ही यजमानाची बेअब्रू. माझे आजोबा सांगत, की ज्याच्या मागे टोळी नाही, हातात बंदूक नाही, पाठीवर खुनाचा आळ आहे, असा एखादा जीव मुठीत धरून तंबूत शिरायचा, आणि त्याच्याजवळ एवढंच हत्यार असायचं, की मी तुझी कॉफी पीत नाही. दुबळ्यासाठी केलेली रीत ती. आता ती कोण वापरतं? ज्याचे दोन टँकर आहेत, ऑलिव्हची बाग आहे, आणि ज्याचा मेहुणा नगरपालिकेत आहे, तो. ज्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही तो पेला खाली ठेवतो, आणि वर गरिबासारखा चेहरा करून बसतो. मला ह्या गोष्टीचा संताप येतो. कॉफी विकणाऱ्याला येणारच.

सकाळी मिफ्लेह दुकानात आला. "औदा, दाणे दे. चांगले. वेलदोडा सढळ हाताने घाल. आणि तुझी मोठी दल्ला दे, ती पितळेची, लांब चोचीची कॉफीची किटली."

"तुझी कुठे गेली?"

"तिच्यात तर्फा रॉकेल ठेवते."

उखळही त्याने शेजारच्याकडून आणलं. दाणे भाजायला मला बसवलं, कारण त्याने भाजलेले पहिले मूठभर कोळसा झाले होते. मी अंगणात लोखंडी पळीत दाणे हलवत बसलो. कॉफी गव्हाच्या रंगावर थांबवायची असते, त्यापुढे तिचा वास जातो. मग उखळात घालून मिफ्लेहने मुसळ हाती घेतलं. आमच्याकडे मुसळाला ताल असतो, तो ऐकून शेजारी समजतात की इथे कॉफी आहे, या. मिफ्लेह इतका वाजवत होता की पलीकडच्या गावातले लोक आले असते.

तर्फा दारात आली. "एक सांगते. तो पेला खाली ठेवील. ठेवू दे. आधी ऐक काय मागतो. मग म्हण, शेख, माझ्या बायकोच्या बारा शेळ्या. सहा आणल्या तरी मी गप्प बसेन. पण ऐकल्याशिवाय 'पी' म्हणू नकोस."

"मला रीत शिकवतेस?"

"रीत तुला येते. जीभ आवरायची येत नाही."

मिफ्लेहने माझ्याकडे पाहिलं. मी दाण्यांकडे पाहिलं.

दुपारच्या नमाजानंतर ते आले. शेख पुढे, मागे वीसेक माणसं, आणि सगळ्यांत मागे लाफी, मान इतकी खाली घालून की जणू रस्त्यात काही हरवलंय. शेख घालेब दारातच थांबला आणि म्हणाला, "अस्सलाम अलैकुम, अबू सत्ताम."

सत्ताम हा मिफ्लेहचा थोरला मुलगा. मुलाच्या नावाने बापाला हाक मारणं हा आमच्याकडे साधा मान, तो मी मिफ्लेहला रोज देतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. पण शेखने आजवर त्याला 'ए मिफ्लेह' म्हटलं होतं, तेही टँकरच्या खिडकीतून. मी मिफ्लेहचा चेहरा पाहिला आणि मनात म्हटलं, गेल्या शेळ्या.

मंडळी बसली. मिफ्लेहने डाव्या हातात दल्ला घेतली, पहिला घोट स्वतः पिऊन दाखवला, आणि उजव्या हाताने शेखच्या हाती पेला दिला. तळाशी थोडीशी कॉफी, बरोबर जेवढी असावी तेवढी. शेखने पेला घेतला, कॉफीकडे दुःखाने पाहिलं, आणि समोर सतरंजीवर ठेवला. शेखने घसा साफ केला. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मिफ्लेह म्हणाला,

"पी, शेख. ज्यासाठी आलास ते झालं."

शेखसुद्धा चमकला. त्याने घरून तयार करून आणलेलं भाषण घशातच राहिलं. "अबू सत्ताम, आधी ऐकून तर घे."

"ऐकायचं काय त्यात? तू माझ्या दारात आलास. तुझ्या तोंडून निघेल ते झालं."

पडद्याआड भांडं आपटल्याचा आवाज आला.

हा मूर्खपणा आमच्याच लोकांना जमतो. न ऐकता दिलं की देणारा थोर, असं आम्ही पोरांना शिकवतो. पण आमच्या गोष्टींतले थोर लोक स्वतःचं देतात, एवढं सांगायचं राहून जातं.

शेख घालेब शेतकरी माणूस आहे, उघडं दार दिसलं की त्याला त्यातून किती गोणी जातील ते लगेच कळतं. तो म्हणाला, "अल्लाह तुझं भलं करो. मग आमच्या पोराचा कागद आणि शेळ्यांचा विषय, दोन्ही मिटलं."

"मिटलं."

"आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून, माझ्या मनात आपलं असं आहे, की राहिलेल्या शेळ्या त्या उतारावर नकोतच. रस्ता आहे. जनावर आहे. मी तिथे झाडं लावतो, म्हणजे तुमच्या शेळ्यांना धोकाच नाही."

उतार ना शेखचा होता ना मिफ्लेहचा, सगळ्या गावाचा होता. पण चरायला तिथे फक्त तर्फाच्याच शेळ्या जात. वीस माणसांनी माना हलवल्या. शेळ्यांचा जीव वाचवायची केवढी ही काळजी.

"तेही झालं," मिफ्लेह म्हणाला. "आता पी."

शेखने पेला उचलला आणि प्याला. सगळे प्याले. मग मिफ्लेह उठला आणि म्हणाला, माझ्या घरून जेवल्याशिवाय कोणी जाणार नाही. शेख म्हणाला, नको, कॉफी पुरे. मिफ्लेहने तलाकची शपथ घातली, म्हणजे जेवला नाहीत तर माझी बायको मला हराम. बायकोला कोणी विचारलं असतं तर तिने त्याच वेळी होकार दिला असता. शेख म्हणाला, शपथच घातलीस तर काय करणार, आणि मांडी बदलून नीट बसला.

मी मागच्या अंगणात गेलो तेव्हा मिफ्लेह गोठ्यातून दोन शेळ्या ओढत होता.

"कोणाच्या शेळ्या कापतोयस?" तर्फाने विचारलं.

"आपल्या."

"आपल्या कुठल्या? माझ्या. रस्त्यावर मेल्या त्याही माझ्या, आणि मारणाऱ्याच्या ताटात चालल्यात त्याही माझ्याच."

"हळू बोल. आत शेख आहे."

"म्हणून तर मोठ्याने बोलतेय."

मोठ्या परातीत भात, भातावर मटण, वरून सुकवलेल्या दह्याचा कढत रस्सा. शेखने स्वतःच्या हाताने डोक्याचं मऊ मांस काढलं आणि लाफीपुढे ठेवलं. पोराला धक्का बसला होता ना, म्हणून. लाफीने दोनदा घेतलं.

त्यानंतर तर्फाचा रस्ता बदलला. उरलेल्या शेळ्या दूरच्या नाल्याकडे न्यायची, संध्याकाळी उशिरा यायची. दूध कमी झालं, चीज थांबलं. मिफ्लेह मात्र बाजारातून चालताना आता दोन्ही बाजूंना सलाम करू लागला होता.

ईदच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. वेलदोडे हुंगत म्हणाली, "औदा, मागणं घेऊन एखादी बाई गेली आणि तिने पेला खाली ठेवला, तर?"

"मी कधी पाहिलं नाही."

"मनाई आहे का?"

मी विचार केला. आजोबांनी सांगितलेलं सगळं आठवून पाहिलं. "मनाई कोणी सांगितलेली नाही. कोणी केलेलंही नाही."

"उद्या शेखकडे जाणार असशील ना?"

"सगळेच जातात."

"मग लवकर जा. बसायला जागा मिळेल."

ईदला शेख घालेबची बैठक भरलेली असते. त्या वर्षी तर तफिले शहराकडचे पाहुणे होते, त्यांतला एक म्हातारा शेख हाकेश, ज्याच्यापुढे आमचा शेख घालेब पाय दुमडून बसतो. कॉफी फिरत होती. कोणाला पुरे झाली की तो पेला हलवून परत करत होता. मी दाराजवळ होतो, मिफ्लेह माझ्या शेजारी.

तर्फा आत आली. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका ईदला येतात, सलाम करतात, आशीर्वाद देऊन जातात. तर्फा म्हातारी नव्हती आणि ती गेली नाही. दाराशी, जिथे चपला असतात त्याच्या अलीकडे, सतरंजीच्या टोकावर बसली. कॉफी देणाऱ्याने शेखकडे पाहिलं. शेखने हसून मान हलवली, पाहुण्यांपुढे दुसरं काय करणार. तिच्या हातात पेला आला. तिने तो समोर जमिनीवर ठेवला.

आवाज काहीच झाला नाही, पण बोलणं थांबत थांबत खोलीच्या त्या टोकापर्यंत गेलं.

"पी, बहिणी," शेख म्हणाला. "ईद आहे."

"काम झालं का माझं?"

"काम सांग, मग बघू."

"माझ्या नवऱ्याने तुला न ऐकता 'पी' म्हटलं होतं, शेख. तू ऐकून तरी म्हण."

कोणीतरी मिफ्लेहला कोपर मारलं, "अरे, हिला घरी ने." मिफ्लेह स्वतःचे बूट शोधत होता आणि ते समोर असून त्याला सापडत नव्हते.

तर्फाने आवाज चढवला नाही. "तुझ्या टँकरखाली माझ्या बारा शेळ्या गेल्या. माझ्या बांगड्यांच्या. त्या ज्याच्या नव्हत्या त्याने सोडून दिल्या. आणखी दोन तुम्ही खाऊन गेलात, त्या मी मागत नाही, पाहुणचार होता. बारा शेळ्या आणि उतार. मी तुझ्या घरात बसले आहे आणि तुझी कॉफी थंड होतेय."

"हे पुरुषांमध्ये मिटलंय," शेख म्हणाला.

"पुरुषांच्या शेळ्या असत्या तर मिटलंच असतं."

म्हातारा शेख हाकेश बराच वेळ दाढी कुरवाळत होता. त्याने विचारलं, "घालेब, ही म्हणते ते खरं का? टँकर तुझा?"

"माझा, पण..."

"आणि शेळ्या हिच्या?"

शेखने मिफ्लेहकडे पाहिलं. म्हाताऱ्याने आपल्या हातातला पेला पाहिला आणि हळूच खाली ठेवला. त्याच्या शेजारच्याने ठेवला. मग त्याच्या पलीकडच्याने. मिफ्लेहकडे जेवून गेलेले, तिथे माना हलवलेले, तेही आता एकेक करून ठेवू लागले, कारण आता माना ह्या बाजूला हलत होत्या. माझाही पेला मी ठेवला. शेवटी बैठकीत सगळे पेले जमिनीवर होते आणि एकट्या शेखच्या हातात एक राहिला होता, आणि त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"पी, उम्म सत्ताम," शेख म्हणाला, सत्तामची आई असं मानाने. "बारा शेळ्या तुझ्या. उतारही सोडला."

तिने पेला उचलला, एका घोटात संपवला, दोनदा हलवून परत दिला आणि उठून गेली. तफिलेचे पाहुणे म्हणाले, वा, घालेब, याला म्हणतात मोठं मन. शेखने नम्रपणे मान खाली घातली. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. शेळ्या परत द्यायला लावल्या तरी मोठं मन त्याचंच.

ईद संपल्यावर लाफी बारा शेळ्या घेऊन आला. ह्या वेळी चालत. धिप्पाड, काळ्याभोर, दुधाच्या. मिफ्लेह तर म्हणाला, आपल्या होत्या त्याहून बऱ्या आहेत. तर्फाने पहिलीचा कान उलटा करून पाहिला. मग दुसरीचा, तिसरीचा. उजव्या कानाला दोन चिरा.

शेखच्या स्वतःच्या शेळ्यांच्या शिंगांना लाल रंग असतो. उजव्या कानाला दोन चिरा, ही खूण त्याच्या विधवा बहिणीची, फिद्दाची. बैठकीच्या मागे एका खोलीत ती राहते. बापाच्या वारशातून तिला तेवढ्याच मिळाल्या, आणि त्या भावाच्या कळपात चरतात, म्हणून भावाला त्या मोजायला सोप्या.

"फिद्दाला विचारलंत?" तर्फाने लाफीला विचारलं.

"काकांनी दिल्यात," लाफी म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नाही.

मिफ्लेह म्हणाला, "आल्यात ना? घे. कुठून आल्या त्याच्याशी आपल्याला काय?"

तर्फाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सिगरेट आणायला माझ्या दुकानात आला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसला.

ती बाराच्या बारा हाकत फिद्दाच्या मागच्या दाराशी गेली. हे मला पुढे फिद्दाने सांगितलं, कॉफी घ्यायला आली तेव्हा. तर्फा म्हणाली, "तुझ्या परत घे. मला त्याच्या हव्या होत्या."

फिद्दा म्हणाली, "परत घेऊन ठेवू कुठे? त्याच्याच कळपात? पुढच्या ईदला दुसरं कोणी पेला खाली ठेवील, आणि पुन्हा माझ्याच जातील."

"मग पुन्हा बैठकीत जाऊ. दोघी."

"मी त्याच्या घरात राहते, तर्फा. तू पेला ठेवून घरी गेलीस. मी ठेवून कुठे जाऊ?"

 

शेवटी दोघींनी ठरवलं. सहा फिद्दाने तर्फाला दिल्या, समजून उमजून, आणि सहा स्वतःच्या नावावर ठेवल्या, पण कळप तर्फाचा. भावाच्या गोठ्यातून त्या कायमच्या बाहेर. आता सकाळी दोघी शेळ्या घेऊन उतारावर जातात. शेखने तिथे ऑलिव्हसाठी खड्डे खणून ठेवले होते, त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि शेळ्या ते पितात.

तर आता कोणी काय भरलं ते बघा. तर्फाच्या बारा रस्त्यावर, दोन परातीत, आणि हाती आल्या सहा. फिद्दाच्या सहा गेल्या, ज्या कोणी मारल्याही नव्हत्या आणि ज्यांच्याबद्दल तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. मिफ्लेहने काही दिलं नाही, माझी दल्लासुद्धा अजून परत दिलेली नाही. लाफीच्या टँकरचा दिवा शेखने बदलून दिला. आणि शेख घालेबने स्वतःच्या घरातून जे घालवलं ते एवढंच, की ईदच्या दिवशी पाहुण्यांच्या पेल्यांत थंड झालेली कॉफी त्याच्या नोकराने मागच्या दाराबाहेर फेकली. ते दार फिद्दाचं. पायरीवरचे डाग तिनेच धुतले.